पांढरी काठी आणि कपाळाला लागणारे अडथळे

प्रश्न : माझ्या वडिलांची दृष्टी गेली आहे. पांढऱ्या काठीच्या आधाराने ते एकटे फिरतात. पण उघडी खिडकी किंवा टेम्पोचा फाळका थेट कपाळाला लागतो. यावर काही उपाय आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : साधी काठी जमिनीवरचे खड्डे आणि पायऱ्या सांगते, गुडघ्याच्या वरचे काही नाही. नेमक्या याच अडचणीवर दिल्लीच्या आयआयटीत संशोधन झाले आणि ‘सक्षम’ या संस्थेच्या साहाय्याने, अंध व्यक्तींकडून पारखून घेतलेली ‘स्मार्टकेन’ २०१४ मध्ये वापरात आली. घडीच्या काठीच्या मुठीवर बसणारे हे उपकरण, वटवाघळाप्रमाणे, आपल्याला ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी सोडते आणि सुमारे ३ मीटरपर्यंतच्या अडथळ्यावरून परतलेल्या लहरी टिपून मुठीला कंपने देते; अडथळा जवळ येईल तशी ती बदलतात. इशारा आवाजाऐवजी स्पर्शाने देणे मला विशेष शहाणपणाचे वाटते, कारण रहदारीत अंध माणसाचे कान आधीच कामात गुंतलेले असतात. खड्डा मात्र अजूनही काठीच्या टोकानेच चाचपावा लागतो. रस्त्यावर नेण्यापूर्वी वडिलांना काही दिवस घराच्या अंगणात, ओळखीच्या वाटेवर सराव करू द्यावा.