आमच्या चर्चमध्ये घरोघरी छोटे गट सुरू करणार आहेत. रविवारची उपासना असताना त्यांची गरज काय? नोकरी सांभाळून वेळ कसा काढायचा?

गरज काय ते मध्य रेल्वेला विचारा. भायखळा-गिरगावातली आपली किती मराठी ख्रिस्ती कुटुंबं चाळी सोडून डोंबिवली-कल्याणला गेली, पण नाव अजून जुन्याच मंडळीच्या वहीत. उपासना रविवारी आणि मेगाब्लॉकही रविवारीच. गुडघे दुखणाऱ्या माणसाने काय करायचं?

डोंबिवलीत आमचा गट माझ्या सासूबाईंनी सुरू केला. शुक्रवारी रात्री, आळीपाळीने एकेकाच्या घरी. दोन गीतं, एखादं भजन, वचनातला, म्हणजे बायबलमधला, एक उतारा, मग प्रार्थनेचे विषय. सगळी गंमत या विषयांतच आहे. चर्चच्या दारात "सलाम, कसे आहात?" "प्रभूची कृपा" एवढ्यावर भागतं. इथे सतरंजीवर बसलं की कुणाच्या मुलाची नोकरी गेली, कुणाच्या सुनेशी पटत नाही, सगळं बाहेर येतं.

आमच्यातल्या एका रिक्षावाल्या काकांना डायलिसिस लागलं. सासूबाईंनी त्याच बैठकीत वाटणी केली: सोबत कोण जाणार, डबा कुणाचा, मुलीची फी कोण बघणार. एका पाकिटात ज्याला जमेल त्याने पैसे टाकायचे, किती ते कुणी विचारायचं नाही. हे चर्चचा कारभार बघणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या कानावर गेलं आणि सेक्रेटरीसाहेब घरी आले. काकांना बघायला नव्हे. गटाने वेगळं दान जमवू नये आणि बाईमाणसाने वचन सांगण्याआधी परवानगी घ्यावी, हे सांगायला. काका आजारी आहेत हे त्यांना आमच्याकडून कळलं. काकांची वर्गणी किती महिने थकली आहे ते मात्र तोंडपाठ! सासूबाई एवढंच म्हणाल्या, "लिहून द्या." ते पत्र आजतागायत आलेलं नाही.

मी तेव्हा गप्प बसले, नवी सून होते. आता सांगते. मेथडिस्ट पंथाचे 'क्लास', म्हणजे असेच छोटे गट, 1742 साली ब्रिस्टलमध्ये सुरू झाले तेच मुळी इमारतीचं कर्ज फेडायला. बाराएक जणांमागे एक प्रमुख, त्याने घरोघर जाऊन आठवड्याला माणशी एक पेनी गोळा करायची. फिरता फिरता कोण कसं जगतंय ते दिसायला लागलं, आणि पंथाचे संस्थापक जॉन वेस्ली यांनी त्यातूनच माणसं सांभाळायची व्यवस्था उभी केली. म्हणजे वर्गणी मागायला जाणं वाईट नाही, साहेब. उंबऱ्यावरूनच परत फिरणं वाईट. आणि बाईचं म्हणाल, तर दक्षिण कोरियात सोलचे पाळक योंगी चो यांनी 1960च्या दशकात घरगुती गट बांधले ते मुख्यतः बायकांच्या जिवावर. आपल्या सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) तर बायका दीक्षा घेऊन पाळक होतात. मग घरातल्या सतरंजीवर वचन सांगायला परवानगी कसली?

आता दुसरी बाजूही आहे. कमिटीची भीती अगदीच खोटी नाही. एखादा गोडबोल्या अख्खा गट उचलून भाड्याच्या हॉलमध्ये स्वतःचं चर्च काढतो, हे मुंबईत सर्रास होतं. म्हणून प्रभूभोजनाचा विधी चर्चमध्येच घ्या आणि गटात काय चाललंय ते पाळकांना कळवत राहा. प्रार्थनेच्या नावाखाली चहाड्याही चालतात. तिथे प्रमुख खमकी लागते. खाण्याचा नियम पहिल्याच दिवशी करा: चहा आणि खारी, बस्स. एका घरी पुरी-श्रीखंड झालं की पुढच्या दहा बाय दहाच्या खोलीतली बाई "या महिन्यात आमच्याकडे नको" म्हणते आणि मग हळूहळू यायचीच बंद होते.

वेळेचं म्हणाल, तर शुक्रवारी साडेआठनंतर ठेवा, दीड तासात उठा. कर्जतहून येणाऱ्यांनी काय करायचं ते मला सांगता येणार नाही.

आणि कमिटीतलं कुणी आलंच, तर त्यांनाही सतरंजीवरच बसवा. खुर्ची देऊ नका.