न्यायालयाने खुनात दोषी ठरवल्यानंतरही गावात शंका का उरते?

बहुतेकदा याचे उत्तर पुराव्याच्या दर्जात असते. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यातल्या वेस्ट मेम्फिस या लहान शहरात मे १९९३ मध्ये आठ वर्षांच्या तीन मुलांची हत्या झाली आणि १९९४ मध्ये तीन तरुणांना दोषी ठरवण्यात आले. मात्र ठोस भौतिक पुरावा नव्हता आणि एकाचा खटला तर तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतरच्या, तपशिलांत विसंगत असलेल्या कबुलीजबाबावरच उभा होता. २०११ मध्ये तिघे सुटले, पण ‘आल्फर्ड प्ली’खाली, म्हणजे आपण निर्दोष असल्याचे सांगत कागदोपत्री दोष स्वीकारून. हा तोडगा मला अत्यंत अन्यायकारक वाटतो, कारण त्यामुळे ना त्यांच्यावरचा ठपका पुसला गेला, ना मृत मुलांच्या आईवडिलांना निर्विवाद उत्तर मिळाले.