इंजिन बंद पडतं ही तक्रार सगळ्यांची, बंद होत नाही ही एकाचीच

किल स्विचवरचे प्रश्न मी बरेच दिवस बाजूला ठेवत होतो. गठ्ठा वाढत गेला, प्रश्न मात्र तेच राहिले. बोट चालवणाऱ्याच्या अंगाला एक दोरी, दोरीच्या टोकाला क्लिप, क्लिप त्या लाल स्विचमध्ये. माणूस पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन थांबतं. हे सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून चालतो. तरीही या गठ्ठ्यात ‘इंजिन सुरू होत नाही’ म्हणणारे ढीगभर आहेत आणि ‘क्लिप काढूनही थांबत नाही’ असं लिहिणारे एकच गृहस्थ. ते म्हणतात घाई नाही.

प्रश्न: दोन स्ट्रोकचं जुनं आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन) आहे. स्टार्टर छान फिरतो, पण इंजिन पकडत नाही. मेकॅनिक म्हणतो सीडीआय गेला, बदला. हा दोष किल स्विचचा असू शकतो का?

असू शकतो, आणि सीडीआयच्या, म्हणजे स्पार्क घडवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याच्या, आधी तोच तपासायचा. त्याच्याही आधी क्लिप जागेवर आहे का ते बघा. हसू नका. मी स्वतः एकदा झाकण उघडून, प्लग बाहेर काढून तासभर घालवला होता आणि क्लिप निघाली मालकाच्या खिशात.

क्लिप जागेवर असेल तर प्लगला स्पार्क येतो का ते स्पार्क टेस्टर लावून बघा. आधी पेट्रोलची नळी काढा, सांडलेलं पुसा, वास पूर्ण जाऊ द्या. स्पार्क नसेल तर इंजिनजवळच्या कनेक्टरमधून स्टॉपची, म्हणजे इंजिन बंद करणारी, तार सोडवा आणि पुन्हा बघा. यामाहामध्ये ही तार साधारणपणे पांढरी असते, मर्क्युरी आणि जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये काळ्यावर पिवळी रेघ. मात्र आधी कोणी वायरिंगमध्ये हात घातला असेल तर रंगाचा भरवसा धरू नका, तुमच्या मॉडेलचा वायरिंग डायग्राम समोर ठेवा. तार सोडवल्यावर स्पार्क आला, तर दोष किल स्विचमध्ये, चावीच्या स्विचमध्ये किंवा मधल्या वायरिंगमध्ये आहे. तरीही आला नाही, तर दोष इंजिनाच्या बाजूला. तिथेही स्टेटर आणि ट्रिगर (सीडीआयला वीज आणि स्पार्कची वेळ देणारी वेटोळी) मोजल्याशिवाय सीडीआयवर शिक्का मारायचा नसतो. ते मोजलं का, असं मेकॅनिकला विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरा मेकॅनिक गाठा.

दोन गोष्टी सांभाळा. तार सोडवलेली असताना इंजिन सुरू करू नका, कारण मग ते चावीनेही थांबणार नाही. आणि त्या तारेवर शेकडो व्होल्ट येऊ शकतात. तिला हात लावू नका, ‘करंट येतो का बघू’ म्हणून बॅटरीचे 12 व्होल्टही देऊ नका. सीडीआय जळेल आणि मेकॅनिकचं भाकीत खरं ठरेल.

प्रश्न: चावी फिरवली तर स्टार्टर हलतच नाही. किल स्विच बदलला, तरी तसंच. आता काय?

रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बहुतेक आउटबोर्डमध्ये क्लिप नसली तरी स्टार्टर फिरतो, फक्त स्पार्क येत नाही. बॅटरी, तिची टर्मिनलं, फ्यूज आणि गिअरचा न्यूट्रल स्विच तपासून घ्या.

प्रश्न: मल्टिमीटर लावला. क्लिप लावलेली असताना मीटर काहीच दाखवत नाही, क्लिप काढली की बीप वाजतो. स्विच उलटा झालाय का?

नाही, तुमचा स्विच ठणठणीत दिसतो. दुकानातल्या माणसानेही ‘उलटा’ म्हणून नवा गळ्यात मारला नाही, हे नशीब.

स्विच दोन जातींचे असतात. मॅग्नेटो (फिरत्या चुंबकातून स्पार्क) किंवा सीडीआय इग्निशन असलेल्या बहुतेक आउटबोर्डमध्ये स्टॉपची तार अर्थला, म्हणजे इंजिनाच्या धातूला, टेकवली की स्पार्क मरतो. तिथे क्लिप लावलेली असताना स्विच उघडा (आतला जोड तुटलेला) असतो आणि क्लिप काढल्यावर मिटतो (जोड जुळतो), म्हणून बीप. दुसऱ्या जातीत इग्निशनचा करंट स्विचमधूनच जातो. तिथे क्लिप असताना बीप हवा आणि काढल्यावर बंद व्हायला हवा. बॅटरी-कॉइलवर चालणाऱ्या अनेक इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेल्या) पेट्रोल इंजिनांत ही जात असते. तुमच्या इंजिनाला कोणती जात लागते ते मॅन्युअलमध्ये बघा किंवा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिसवाल्याला विचारा. मोजताना स्विचच्या दोन्ही तारा वायरिंगमधून सोडवलेल्या असू द्या, नाहीतर मीटर शेजारच्या सर्किटचं काहीतरी सांगेल आणि ते तुम्ही खरं धराल.

प्रश्न: लाटांवर बोट आपटली की इंजिन क्षणभर बंद पडतं, कधी परत धरतं, कधी नाही. एकाने स्विचमध्ये गंजाचा स्प्रे मारायला सांगितला. मारला, आठवडाभर बरं होतं.

आठवडाभरच बरं राहणार. स्प्रेने ओल थोडी सरकते, झिजलेली स्प्रिंग परत ताठ होत नाही.

अशा स्विचची मागची टोपी काढून बघा. पितळी पट्टीवर हिरवट पूड बसलेली असते, आणि तारेचं कातडं दोन बोटं मागे सोललंत तर आतलं तांबं काळं पडलेलं दिसतं. खारं पाणी दिव्यातल्या वातीने तेल ओढावं तसं तारेच्या आत चढतं. वरून तार नवीकोरी दिसते.

क्लिप लावून, मीटरच्या काड्या टोकांना धरून, तार ठिकठिकाणी वाकवा आणि स्विचच्या दांडीला अंगठ्याने हलकं दाबा. आकडा उडाला तर चोर सापडला. पहिल्या जातीच्या इंजिनात बहुतेकदा तारेचं कातडं कुठेतरी घासून तांबं धातूला टेकतं, किंवा सैल स्विच लाटेच्या दणक्याने मिटतो. दुसऱ्या जातीत जॉइंट सुटतो. स्विच बदला आणि काळी पडलेली तार चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापा. नवी तार कलई केलेली, म्हणजे बोटींसाठीचीच घ्या, आणि जॉइंटवर आतून डिंक असलेली हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी चढवा. घरातल्या वायरिंगची काळी टेप तिथे चालत नाही. मीटर काहीच दाखवत नसेल तर पेट्रोलच्या बाजूनेही असंच लक्षण येतं, तेव्हा अंदाजाने भाग बदलत न बसता इंजिन दाखवून घ्या.

प्रश्न: तपासताना लक्षात आलं की क्लिप ओढली तरी इंजिन चालूच राहतं. चावीने मात्र व्यवस्थित बंद होतं. सीझन संपल्यावर स्विच बदलला तर चालेल ना? तोवर दोरी स्टिअरिंगला अडकवून ठेवली आहे.

चालणार नाही. आज संध्याकाळीसुद्धा त्या बोटीत बसू नका.

चावी बोटीत असते. ज्या क्षणी किल स्विच लागतो त्या क्षणी तुम्ही पाण्यात असता. स्टिअरिंगला अडकवलेली दोरी फक्त स्टिअरिंग बोटीतून पडलं तरच उपयोगी.

आता खरी खोच. वर सांगितलेल्या पहिल्या जातीत स्पार्क मारायला तार अर्थला पोचावी लागते. ती तार मधेच तुटली, जॉइंट सुटला किंवा स्विचच्या आत गंज बसला, तर इंजिनाला त्याची काहीच खबर लागत नाही. सुरू होतं, पळतं, चावीनेही बंद होतं, कारण चावीचा मार्ग बहुतेकदा वेगळा असतो. दोष असूनही तक्रार उठत नाही. म्हणून ‘इंजिन पकडत नाही’वाल्यांची मला तेवढी काळजी नसते. ते धक्क्यावर वैतागलेले पण कोरडे उभे असतात. ज्यांचं सगळं छान चाललंय आणि ज्यांनी क्लिप दोन वर्षांत ओढून पाहिलेली नाही, त्यांची काळजी वाटते.

माणूस बाहेर फेकला गेला की सोडलेलं स्टिअरिंग पंख्याच्या जोराने एका बाजूला वळतं आणि बोट गोल फिरू लागते. म्हणजे ती दूर निघून जात नाही, पडलेल्या माणसाकडेच परत येते. इंजिन मिनिटाला 3000 फेरे घेत असेल आणि गिअर दोनास एक असेल, तर पंखा सेकंदाला 25 वेळा फिरतो. तीन पाती धरली तर सेकंदाला 75 वार. मे 2013 मध्ये इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये, पॅडस्टोजवळच्या खाडीत, एका वेगवान रबरी बोटीतून कुटुंबातले सहाही जण बाहेर फेकले गेले. किल कॉर्ड चालवणाऱ्याच्या अंगाला नव्हती. रिकामी बोट गोल फिरत त्यांच्यावर आली. दोघांचा जीव गेला, आणखी दोघं गंभीर जखमी झाले. तिथे दोरी अंगाला नव्हती. तुमच्याकडे दोरी अंगाला बांधूनही तोच प्रकार होईल, कारण स्विच मेलेला आहे.

अमेरिकेत 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांपेक्षा लहान बोटींवर, काही अपवाद सोडून, वेगात असताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय वापरणं कायद्यानेच बंधनकारक केलं आहे. कायद्याची वाट बघायची गरज नाही. स्विच बदला, दोरी मांडीला किंवा लाइफ जॅकेटच्या भक्कम पट्ट्याला लावा, आणि एक जादा क्लिप बोटीत सगळ्यांना दिसेल अशी टांगा. चालवणारा क्लिपसकट पडला, तर मागे राहिलेल्यांना इंजिन सुरू करून त्याला उचलायला यावं लागतं. मित्राने क्लिपच्या जागी तारेचं वेटोळं अडकवायला शिकवलं असेल, तर ते वेटोळं मित्राला परत द्या.

प्रश्न: क्लिप ओढून इंजिन बंद केल्याने इंजिन खराब होतं असं ऐकलंय.

ऐकीव गोष्ट. मंद फेऱ्यांवर, न्यूट्रलमध्ये, दर वेळी निघण्यापूर्वी ओढून बघा. भर वेगात मुद्दाम ओढू नका.

प्रश्न: पाकिटावर ‘सर्व इंजिनांना चालतो’ असं लिहिलेला स्विच ऑनलाइन मिळतो, सात रंगीत क्लिपांसकट. घ्यावा का?

क्लिपांचा संच जादा म्हणून ठेवायला ठीक, त्यातली कोणती तुमच्या स्विचवर घट्ट बसते ते आधी बघून. स्विचबाबत मात्र ‘सर्व’ हा शब्द वाचला की मी पाकीट खाली ठेवतो. दोन जाती वर सांगितल्या आहेत. एकच साधा दोन तारांचा स्विच दोघींना कसा चालेल? चुकीची जात बसवली तर क्लिप लावल्यावर इंजिन मरतं आणि काढल्यावर चालतं. मग लोक क्लिप काढूनच बोट चालवतात. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इंजिनाचा मॉडेल नंबर देऊन कंपनीचा भाग मागवा. नाहीच मिळाला, तर तीच जात, तेवढंच भोक आणि पाण्यासाठी सीलबंद असलेला घ्या, आणि बसवण्यापूर्वी हातात धरून मीटर लावा.

प्रश्न: दोन इंजिनं आहेत. दोघांच्या स्टॉपच्या तारा एकत्र करून एका स्विचला जोडू का?

नको. एकाचं इग्निशन दुसऱ्यात शिरेल. दोन्ही इंजिनांसाठी आतून वेगळे संपर्क असलेला स्विच मिळतो. तो जाणकाराकडूनच बसवून घ्या.

प्रश्न: डिझेल इनबोर्डला हाच स्विच चालेल?

डिझेलला स्पार्कच नसतो, तिथे इंधन तोडावं लागतं. इंजिनाच्या कंपनीला विचारा.

प्रश्न: बिनतारी किल स्विच दोरीपेक्षा चांगला का?

दोरी पायात येते म्हणून काढून ठेवणाऱ्यांना चांगला. अंगावरचा टॅग पाण्यात बुडला किंवा दूर गेला की इंजिन थांबतं. पण टॅगला सेल लागतो, आणि विकणारे ‘बसवा आणि विसरा’ म्हणतात ते ऐकू नका. जुनी दोरी जागेवर राहू द्या.

प्रश्न: नवा स्विच मीच बसवला. बॅटरीची निगेटिव्ह तार काढली होती, फोटो काढून तारा जोडल्या, मीटरही बरोबर दाखवतो. आता कुठे तपासू?

बोट घट्ट बांधून, पंखा मोकळ्या पाण्यात, आसपास कोणी पोहत नसताना. जमिनीवर करायचं असेल तर पाण्याची नळी लावल्याशिवाय इंजिन सुरू करू नका, पंपाचा रबरी इंपेलर काही क्षणांत जातो. आधी चावीने बंद करून बघा, मग क्लिप ओढून, मग क्लिप काढलेली असताना ते सुरू होत नाही ना ते बघा. तिन्ही जमलं तर झालं. एक जरी चुकलं तर तारा उलटसुलट करून प्रयोग करत बसू नका, मेकॅनिकला बोलवा. आणि तो जुना स्विच कचऱ्यात टाका. ‘असू दे, कधी लागेल’ म्हणून हत्यारांच्या पेटीत ठेवलात, तर पुढच्या सीझनला तोच परत बसलेला असेल.