रोजचा किराणा सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल?

तुमचा प्रश्न असा आहे: नव्या शहरात एकटे राहता, गाडी नाही, आणि तांदूळ, पीठ, डाळी, तेल, साखर, भाजी एवढंच घ्यायचं तर कोणतं एक दुकान कायमचं धरावं? मीही घर सोडून दुसरीकडे राहायला गेले तेव्हा वर्षभर हेच एक दुकान शोधत होते. ते सापडलं नाही, कारण ते कुठेच नसतं. प्रत्येक वस्तू स्वस्त मिळण्याची जागा वेगळी असते. एकदा त्या जागा कळल्या की महिन्यात दोन मोठ्या फेऱ्या आणि आठवड्याला भाजीची एक, एवढ्यात भागतं.

मला हे एका वहीमुळे कळलं. महिनाभरात आपण खरोखर काय आणतो ते लिहून काढलं तर माझ्या चौदाच वस्तू निघाल्या. प्रत्येक वस्तूला एक पान दिलं. जिथे जाईन तिथला भाव त्या पानावर टिपायचा, पण पाकिटाची किंमत नाही, किलोला किंवा लिटरला काय पडतं ते. सोबत तारीख आणि दुकान. सहा आठवड्यांनी पानं चाळली तर चौदापैकी सहा वस्तू एका मोठ्या दुकानात स्वस्त होत्या, चार घाऊक बाजारात, तीन कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात आणि एक अशा ठिकाणी जिथे मी महाग असेल म्हणून आतच शिरत नव्हते. सगळ्यात स्वस्त म्हणून ज्याचं नाव ऐकलं होतं ते दुकान माझ्या निम्म्याहून जास्त वस्तूंत महाग निघालं. तुमची यादी वेगळी असेल, तुमची वहीही वेगळंच सांगेल. म्हणून दुकानांची नावं देण्याऐवजी भाव कसा वाचायचा आणि कुठली जागा कशात स्वस्त असते, ते सांगते.

आधी भावाचं. किलोचा दर काढल्याशिवाय दोन पाकिटांची तुलना करूच नका. युरोपीय संघात १९९८च्या नियमानुसार दुकानांना किमतीच्या जोडीला एककाचा दरही लावावा लागतो, आणि इतर बऱ्याच देशांतही फळीवरच्या चिठ्ठीवर तो बारीक अक्षरात असतो. नसेल तर मोबाइलवर भागाकार करा. मोठं पाकीट म्हणजे स्वस्त हा समज तर साफ सोडून द्या. मोठ्या पाकिटाचा किलोचा दर मधल्या पाकिटापेक्षा जास्त असलेला मी अनेकदा टिपलाय.

तेलाच्या बाबतीत फार जण फसतात. एक बाटली लिटरवर विकतात आणि शेजारचा डबा किलोवर. एक लिटर खाद्यतेलाचं वजन साधारण ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. म्हणजे एक किलोच्या डब्यात जवळजवळ १,०९० मिलिलिटर तेल असतं. दोघांची किंमत सारखी असेल तर किलोवाला डबा साधारण आठ टक्क्यांनी स्वस्त पडला.

डबाबंद कडधान्याचं उलटं. ४०० ग्रॅमच्या डब्यातलं पाणी निथळलं की २४० ग्रॅमच्या आसपास दाणा हाती येतो. कोरडे हरभरे किंवा राजमा भिजवून शिजवले की वजन दुपटीहून थोडं जास्त होतं, म्हणजे जेमतेम १०० ग्रॅम कोरड्या दाण्यातून तेवढंच निघतं. रात्री भिजत घालायची सवय लागली की सगळ्यात जास्त बचत इथेच होते, मग दुकान कुठलंही असो.

आणि पाकिटावरचं वजन दर वेळी वाचा. किंमत तीच ठेवून ५०० ग्रॅमचं पाकीट ४५० ग्रॅमचं केलं की माल दहा टक्के कमी झाला असं वाटतं, पण किलोचा दर ११ टक्क्यांनी वाढलेला असतो. फ्रान्समध्ये जुलै २०२४पासून मोठ्या दुकानांना अशा मालाजवळ तसा फलक लावावा लागतो. जिथे असा नियम नाही तिथे जुनं वजन लिहिलेली आपली वहीच कामाला येते.

आता जागा. मोठ्या साखळी दुकानात दाराशी किंवा जाहिरातीत एकदोन वस्तू इतक्या स्वस्त असतात की विश्वास बसत नाही. तेल, साखर, पीठ अशाच वस्तू त्यात असतात, कारण त्यांचे भाव सगळ्यांच्या तोंडावर असतात. त्या वस्तूवर दुकानाला काही सुटत नाही, कधी पदरचं घालावं लागतं. पण गिऱ्हाईक आत आलं की बाकीची पिशवी तिथेच भरतं आणि ती तूट भरून निघते. ही पद्धत इतकी रुळलेली आहे की फ्रान्समध्ये खरेदीच्या भावाखाली माल विकायला १९६३पासून कायद्याने बंदी आहे. तुम्ही मात्र तीच एक वस्तू घ्या, टिकणारी असेल तर दोन महिन्यांची घ्या, आणि बाहेर पडा. यासाठी यादी घरून लिहून न्यावी लागते.

दुसरा प्रकार म्हणजे कमी मालाची स्वस्त दुकानं. जर्मनीत कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी दुसऱ्या महायुद्धानंतर आईचं छोटं दुकान हाती घेऊन ही पद्धत वाढवली. पुढे त्यांचंच दुकान ‘आल्डी’ नावानं जगभर पसरलं. मोजक्या वस्तू, प्रत्येकीचे एकदोनच प्रकार, माल खोक्यांतच मांडलेला, माणसं कमी. खर्च कमी म्हणून भाव कमी. कुठल्याही शहरात खरोखर स्वस्त दुकान ओळखायची खूण हीच आहे: मिठाचे दहा प्रकार नसतील, दिव्यांचा लखलखाट नसेल आणि खोकी फाडून तशीच ठेवलेली असतील. अशा दुकानात दुकानाच्याच नावाचा माल असतो. साखर, मीठ, मैदा, तांदूळ यांत नामांकित पाकिटाला जास्त पैसे मोजण्याचं मला तरी कारण दिसत नाही. एक पाकीट आणून बघा, आवडलं नाही तर पुढच्या वेळी नको.

घाऊक बाजार आणि सभासदत्वाची मोठी दुकानं एकट्या माणसाला लगेच परवडत नाहीत. वर्षाची फी आणि जाण्यायेण्याचं भाडं आधी वर्षभराच्या खरेदीवर वाटून बघा. त्याबद्दल पुढे बोलते.

भाजीसाठी मात्र उघडा बाजारच. सकाळी माल चांगला असतो, भाव चढा असतो. बाजार उठायच्या आधीच्या तासाभरात विक्रेत्याला माल परत न्यायचा नसतो, तेव्हा भाव उतरतो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी शिजवायची भाजी अशा वेळी घ्या; कांदे, बटाटे मात्र निवडून, सावकाश. ज्या भाजीचे ढीग सगळ्यांकडे दिसतात तीच त्या आठवड्यात घ्यायची. हंगामात नसलेल्या भाजीला शीतगृहाचं किंवा दूरच्या वाहतुकीचं भाडं लागलेलं असतं. अशा वेळी गोठवलेले वाटाणे किंवा पालक स्वस्त पडतो आणि पोषणातही फारसा उणा नसतो.

आणि आता ती चौदावी वस्तू, जी मी महाग समजून टाळत होते त्या दुकानात सापडली. तुमच्या रोजच्या जेवणातली एखादी वस्तू त्या शहरातल्या इतरांना ‘परदेशी’ वाटत असेल, तर मोठ्या दुकानात ती छोट्या शोभिवंत बाटलीत, वेगळ्या फळीवर, दुप्पटतिप्पट दरानं ठेवलेली असते. ज्या वस्तीत ती रोज खाल्ली जाते तिथल्या दुकानात तीच गोणीनं येते, रोज खपते, म्हणून ताजी असते आणि स्वस्तही. मसाले, डाळी, तांदूळ, कोथिंबीर यांसाठी मी आता दुसरीकडे जातच नाही. तुम्हाला जे हवंय ते इथले कोणते लोक रोज खातात, हा प्रश्न शेजारी किंवा ऑफिसात कुणाला तरी विचारा. दुकानांच्या यादीपेक्षा या एका प्रश्नानं मला जास्त पैसे वाचवून दिले.

घाऊक मालाचं राहिलं होतं. गोणी घेताना हिशोब असा करा: गोणीत किलोमागे बारा टक्के वाचत असतील आणि आठवा हिस्सा किडीनं किंवा वासानं टाकावा लागला, तर बचत शून्य. पांढरा तांदूळ, साखर, मीठ कोरड्या, घट्ट डब्यात चांगलं टिकतं. अख्खे मसाले कुटलेल्या मसाल्यांपेक्षा कितीतरी जास्त दिवस वास धरून ठेवतात. कोंड्यासकटचं पीठ आणि हातसडीचा तांदूळ मात्र जास्त घेऊ नका, त्यातल्या तेलामुळे ते खवट होतात. माझी पिठाची एक अख्खी गोणी अशी गेली आहे आणि त्या महिन्याचं सगळं गणित बिघडलं होतं. डाळीत किडे होण्याची भीती असेल तर आणल्यावर चार दिवस फ्रिजच्या उणे १८ अंशांच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवा, किड्यांची अंडी मरतात. डबा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत उघडू नका, नाहीतर आत दमटपणा धरतो.

एकट्याला गोणी जड असेल तर वाटून घ्या. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यांत बरेच विणकर, थोडे थोडे पैसे जमवून स्वतःचं दुकान काढलं. सुरुवातीला माल म्हणजे लोणी, साखर, पीठ आणि ओट. त्या काळी पिठात भेसळ आणि मापात पाप नेहमीचं होतं, म्हणून त्यांनी शुद्ध माल, पुरं वजन आणि रोखीचा व्यवहार असे नियम घातले, आणि नफा ज्याच्या त्याच्या खरेदीच्या प्रमाणात परत वाटला. आजची सहकारी दुकानं त्याच वाटेवर उभी आहेत, तुमच्या शहरात असं दुकान असेल तर जरूर बघा. नसेल तर इमारतीतली तीन घरं पुरतात. आम्ही चौघी दोन महिन्यांतून एकदा तांदूळ, डाळ आणि तेल एकत्र आणतो, टॅक्सीचं भाडं चौघींत वाटतो, आणि घरी वजनकाट्यावर मोजून घेतो. वजनकाटा नक्की ठेवा, नात्यात किंतु राहत नाही.

घरपोच मागवण्याबद्दलही तुम्ही विचारलंत. गाडी नाही म्हटल्यावर जड सामानासाठी ते वाईट नाही. फक्त पोहोचवण्याची फी धरून किलोचा दर काढा, आणि फी माफ व्हावी म्हणून नको ती वस्तू टोपलीत टाकू नका. अॅपवरचा भाव आणि त्याच दुकानातला भाव वेगळा असू शकतो, एकदा प्रत्यक्ष जाऊन ताडून पाहा.

शेवटचं, तुम्ही लिहिलेल्या एका ओळीबद्दल, की महिनाअखेरीला जेवण टाळावं लागतं. एर्न्स्ट एंगेल या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७मध्येच दाखवलं होतं की उत्पन्न जितकं कमी तितका त्यातला मोठा वाटा अन्नावर जातो. तेव्हा हा तुमच्या उधळेपणाचा दोष नाही. वही कामाला यायला महिनादीड महिना लागेल, तोवर उपाशी राहू नका. बऱ्याच शहरांत अन्नपेढ्या, म्हणजे गरजूंना मोफत शिधा देणाऱ्या संस्था, असतात, प्रार्थनास्थळांत आणि विद्यापीठांत मोफत किंवा नाममात्र पैशांत जेवण मिळतं. ते तुमच्यासारख्यांसाठीच असतं, संकोच करू नका. या आठवड्यात फक्त तांदूळ, तेल आणि डाळ या तीन वस्तूंची पानं सुरू करा, आणि तीन दुकानांतले दर मिळाले की इथेच खाली लिहा. हिशोब आपण मिळून बघू.