मुंबई महापालिका एवढा पैसा खर्च करते, त्याचा हिशोब सामान्य मुंबईकराला का मिळत नाही?

तुम्ही विचारलंय की बजेट ७४ हजार कोटींचं, टॅक्स आपण भरतो, तरी पैसा कुठे जातो ते कळत नाही, मग साध्या माणसाने करायचं काय?

७४ हजार कोटींचा हिशोब मागायला जाऊ नका. २०२५-२६ चा आकडा ७४,४२७ कोटी होता, त्यातले ४३ हजार कोटींच्या वर भांडवली खर्चाला. बजेटची पुस्तकं पालिकेच्या वेबसाइटवर पडलेली असतात, ती वाचून तुमच्या दारातला रस्ता परत का खोदला ते कळत नाही. आपल्या गल्लीचा हिशोब मात्र मिळतो. भांडावं लागतं, पण मिळतो. मी मिळवलाय, म्हणून लिहितोय.

आमची सोसायटी पूर्व उपनगरात, जुनी म्हाडाची बिल्डिंग. २०२३ च्या फेब्रुवारीत गेटसमोरच्या फुटपाथचे चांगले धडधाकट पेव्हर ब्लॉक उखडायला सुरुवात झाली. मार्च जवळ आला की ही कामं का निघतात ते मुंबईत कुणाला समजावून सांगायला नको. जुने ब्लॉक टेम्पोत भरून गेले, नवे आले. खालचा वाळूचा थर दाबायचं मशीन कडेला उभं होतं, ते चालू झालेलं आमच्या वॉचमनने पाहिलं नाही आणि मीही नाही. पहिल्या पावसात ब्लॉक डुगडुगायला लागले. पाय पडला की फटीतून गढूळ पाण्याची चिळकांडी थेट गुडघ्यापर्यंत. दुसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजी घेऊन येताना तिथेच पडल्या आणि मनगट मोडलं. प्लास्टर निघाल्यावरही त्यांना पोळी लाटता येत नव्हती.

मी नोकरीभर एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होतो. आलेला माल मोजल्याशिवाय चलनावर सही करायची नाही, हे हाडात मुरलेलं. त्यामुळे वॉर्ड ऑफिसात मेंटेनन्सच्या टेबलावर जाऊन मी एवढंच विचारलं, की या कामाचं बिल निघालं का आणि मोजमाप कुणी घेतलं? तिथल्या दुय्यम अभियंत्याने फाइलमधून मान वर केली आणि म्हणाला, "काका, तुमची बिल्डिंग पाचशे फुटांच्या आतली ना? तुम्हाला तर टॅक्स माफ आहे."

हे मला अजून लागतं. तुमच्या प्रश्नातही "टॅक्स आपण भरतो" आहे, म्हणून हा मुद्दा इथेच निकालात काढतो. २०२२ पासून पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ आहे, खरं आहे. पण पाण्याचं बिल आम्ही भरतो. आणि पालिकेचं मोठं उत्पन्न होतं जकातीचं, म्हणजे शहरात येणाऱ्या मालावरच्या कराचं. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, जकात गेली, तिच्या बदल्यात राज्य सरकार दरवर्षी हजारो कोटींची भरपाई पालिकेला देतं. तो पैसा साबण, चप्पल, मिक्सर विकत घेणाऱ्या प्रत्येकाच्या खिशातून येतो. झोपडीत राहणारी बाईसुद्धा तो भरते. आणि समजा एखाद्याने एक पैसा भरला नाही, तरी त्या फुटपाथवर मनगट त्याचंच मोडणार. हिशोब मागायचा हक्क टॅक्सच्या पावतीवर ठरत नाही. माहिती अधिकाराच्या अर्जात नागरिक असणं पुरतं, पावती कुणी मागत नाही.

मग अर्ज टाकला. "आमच्या विभागातील फुटपाथवरील खर्चाची माहिती द्यावी" असं मोघम लिहिलं असतं तर "माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही" असं ठरलेलं उत्तर आलं असतं. शेजारच्या सोसायटीला तेच आलं होतं. मी तीनच गोष्टी मागितल्या : या रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतच्या कामाची वर्क ऑर्डर, झालेल्या कामाचं माप ज्यात लिहितात त्या मोजमाप पुस्तिकेची (तिथे सगळे एमबी म्हणतात) संबंधित पानं, आणि दोष दायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने ते पदरच्या पैशाने दुरुस्त करून द्यायची मुदत, किती आहे ते. तीस दिवस गेले, उत्तर नाही. प्रथम अपील केलं. सुनावणीच्या आदल्या दिवशी फोन आला, झेरॉक्स घेऊन जा.

एमबीत ब्लॉकचा हिशोब बरोबर होता. पण खाली एक ओळ होती, कर्ब स्टोन नवीन पुरवून बसवणे, पूर्ण लांबीला. फुटपाथची कड धरून ठेवणारे ते काँक्रीटचे लांबट दगड. आता आमच्या मंडळाचा मंडप दरवर्षी त्याच फुटपाथला लागून पडतो आणि खांब कुठे यायचे त्याचे आकडे पोरं कर्बवर लाल ऑइलपेंटने टाकतात. २०२२ च्या गणपतीतले ते आकडे तिथेच होते, एक, दोन, तीन, ओळीने, नाक्यापर्यंत. नव्या दगडांवर गेल्या वर्षीचा रंग कसा येईल? विसर्जनाच्या फोटोंतही तेच दगड, तेच आकडे, फोटोवर तारीख.

माहिती अधिकाराच्या कायद्यात कागद बघण्याबरोबर प्रत्यक्ष कामाची पाहणी करायचा आणि सामानाचे नमुने घ्यायचा हक्कही आहे, कलम २ (जे). हे फार लोकांना माहीत नसतं. मी पाहणी मागितली. सहाय्यक अभियंता आले, टेप धरला, आकडे बघितले. मंडळाची पोरं, काकू, खालचा इस्त्रीवाला, सगळे उभे होते. कुणी आवाज चढवला नाही. साहेबांनी दगडावरचा रंग नखाने खरवडून पाहिला आणि काही न बोलता वहीत लिहून घेतलं.

पुढे पत्र आलं की सदर बाबीची रक्कम ठेकेदाराच्या पुढील देयकातून वसूल करण्यात येईल. दोष दायित्व कालावधी चालू होता, म्हणून ब्लॉक काढून पुन्हा दाबून बसवले. आजही ते हलत नाहीत. पण एमबीवर ज्याची सही होती त्याच्यावर काय कारवाई झाली, हे विचारल्यावर "वैयक्तिक माहिती" म्हणून नकार आला. दुसरं अपील माहिती आयोगाकडे पडून आहे. उत्तरदायित्व म्हणतात ते इथे अडतं. पैसे वळते झाले, पण सही करणारा सुखरूप.

आता हिशोब "का" मिळत नाही ते. माझा मेव्हणा दर भाऊबीजेला हाच वाद काढतो. त्याचं म्हणणं, नगरसेवक गेले ते बरं झालं, प्रशासकाच्या काळात खाणारी तोंडं कमी झाली. मला हे साफ अमान्य आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ पर्यंत निवडणूकच झाली नाही. मुदत संपायच्या आत निवडणूक व्हावी असं संविधानाचं कलम २४३-यू सांगतं. तरीही ओबीसी आरक्षण आणि वॉर्डांच्या संख्येचे खटले चालू राहिले आणि जवळपास चार वर्षं शहर एका खुर्चीच्या हातात राहिलं. आयुक्तच प्रशासक, खर्चाला मंजुरी देणाऱ्या नगरसेवकांच्या स्थायी समितीचे अधिकारही त्यांच्याकडेच. बजेट अतिरिक्त आयुक्तांनी आयुक्तांना सादर करायचं आणि मंजूरही त्यांनीच करायचं. विचारणार कोण? मी आमच्या माजी नगरसेवकाकडे गेलो होतो. म्हणाला, "साहेब, मी आता माजी. माझाच फोन उचलत नाहीत." सहा हजार कोटींच्या काँक्रीट रस्त्यांची कंत्राटं याच काळात दिली गेली, सभागृहात एक शब्दही चर्चा न होता.

मेव्हणा मार्च २०२३ मधला कॅगचा, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्या यंत्रणेचा, पालिकेवरचा अहवाल काढतो. त्यात सुमारे २१४ कोटींची २० कामं निविदा न मागवता दिलेली, ४,७५५ कोटींच्या कामांत ६४ ठेकेदारांशी करारच केलेला नाही, असं निघालं. "हे तुझ्या नगरसेवकांच्या काळातलं," तो म्हणतो. अर्धंच खरं. तपासणीचा काळ नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२, म्हणजे शेवटचे महिने प्रशासकाचे. आणि करार न करता काम द्यायचं कागदावर अधिकारीच आणतो. नगरसेवक धुतल्या तांदळाचे आहेत असं मी म्हणत नाही. खाणारे खूप पाहिलेत. पण खाणारा नगरसेवक नाक्यावर सापडतो, लग्नाला येतो, पाच वर्षांनी हात जोडतो. बदली होऊन गेलेला अधिकारी कुठे शोधणार?

त्यामुळे करायचं ते असं. आता नगरसेवक आले आहेत, त्यांना गटाराचं झाकण बदलून मागू नका. त्यासाठी पालिकेचा १९१६ हा तक्रारीचा फोन नंबर आहे. त्यांच्याकडे तुमच्या रस्त्याची एमबी घेऊन जा आणि प्रभाग समितीच्या बैठकीत विचारायला लावा, म्हणजे उत्तर इतिवृत्तात येईल. क्षेत्र सभेची तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे. म्हणजे मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं ठरवायची. आमच्याकडे अशी सभा भरलेली मी एकदाही पाहिली नाही. ती मागा, लेखी मागा. मी आमच्या नव्या नगरसेविकेला पत्र दिलंय आणि पोच घेतलीय. मेव्हण्याला त्या पोचेचा फोटो पाठवला, त्यावर अजून काही बोलला नाहीये.

दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. एक, माझं काम छोटं होतं आणि पुरावा नशिबाने दगडावरच रंगवलेला होता. नालेसफाईत गाळ किती काढला हे असं टेपने मोजता येत नाही, तिथे वजनकाट्याच्या पावत्या आणि गाड्यांचे नंबर मागावे लागतात आणि ते काम एकट्याचं नाही. दुसरं, स्थानिक ठेकेदाराच्या विरोधात एकाच्या नावाने अर्ज टाकत राहू नका. राज्यात माहिती अधिकार वापरणाऱ्यांवर हल्ले झालेत, तळेगावात २०१० मध्ये सतीश शेट्टी यांचा खून झाला. सोसायटीतल्या तिघाचौघांनी वेगवेगळे अर्ज टाका आणि पाहणीला कधीच एकटे जाऊ नका.