‘डेक्कन ट्रॅप’ म्हणजे सापळा?

कळव्याच्या एका ताईंनी विचारलंय: मुलाच्या भूगोलाच्या वहीत ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणजे ‘दख्खनचा सापळा’ असं लिहिलंय, ते बरोबर का? आणि आपला काळा कातळ नि ग्रॅनाइट दोन्ही अग्निजन्यच, मग नावं वेगळी का?

सापळा नाही हो ताई. डेक्कन ट्रॅप म्हणजे दख्खनवर थराथरांनी पसरलेल्या लाव्हाचा खडक, आपला काळा कातळ. उंदीर पकडायचा ट्रॅप या ट्रॅपचा कुणी लागत नाही. हा शब्द स्वीडिश ‘ट्राप्पा’वरून आलाय, आणि ट्राप्पा म्हणजे जिना. मुंब्रा स्टेशनात उतरलात की फलाटावरून डोंगराकडे बघा. उभा कडा, मग उतार, पुन्हा कडा. पावसाळ्यात उतारांवर गवत माजतं आणि मधले कडे काळे उघडे राहतात, तेव्हा पायऱ्या लांबूनही मोजता येतात. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथे लाव्हा थरावर थर असा पसरला. थराचा घट्ट भाग सहजी झिजत नाही, त्याचा कडा होतो. वायूच्या बुडबुड्यांनी सच्छिद्र झालेला भाग लवकर झिजतो, तिथे उतार पडतो. मराठी शब्द हवाच असेल तर ‘पायरीखडक’ म्हणा. माझं मत विचाराल तर ‘ट्रॅप’च ठेवावा, फक्त अर्थ नीट सांगावा.

आता दुसरं. अग्निजन्य हे शिलारस, म्हणजे वितळलेला खडक, निवून झालेल्या सगळ्या कुळाचं नाव. शिलारस जमिनीवर येऊन झटपट निवला की स्फटिकांना वाढायला सवड मिळत नाही, म्हणून बेसाल्टचे, म्हणजे आपल्या कातळाचे, कण नुसत्या डोळ्यांना सहसा दिसत नाहीत. ग्रॅनाइट जमिनीत खोलवर फार सावकाश निवतो, त्याचे दाणे ठसठशीत दिसतात. म्हणून तो अग्निजन्य खरा, पण ज्वालामुखीजन्य नव्हे. मात्र बेसाल्टचाच रस हळू निवला की ग्रॅनाइट होतो, असं समजू नका. ही चूक फार ऐकू येते. ग्रॅनाइटमध्ये सिलिका (वाळूत मुख्यतः असतं ते द्रव्य) 70 टक्क्यांच्या आसपास, बेसाल्टमध्ये 50. बेसाल्टचा रस खोलवर निवला तर गॅब्रो होतो, आणि ग्रॅनाइटचा रस वर येऊन निवला तर ऱ्हायोलाइट.

ओट्यासाठी दुकानात मिळणारा ‘ब्लॅक ग्रॅनाइट’ बहुतेकदा गॅब्रो किंवा डोलेराइट (बेसाल्टचाच मध्यम दाण्यांचा भाऊ) असतो. कडप्पा तर अग्निजन्यही नाही, तो चुनखडक. लिंबाचा रस सांडला की त्यावर डाग पडतो.

मुलाला एक करायला सांगा. बांधकामावरच्या खडीतला भोकाभोकांचा एखादा दगड उचलून उन्हात धरायचा. भोकात पांढरं, चमकणारं काही भरलेलं दिसलं, तर ते बहुधा झिओलाइट असेल: लाव्हातल्या बुडबुड्याच्या रिकाम्या जागेत पुढे पाझरत्या पाण्यातून साठलेलं खनिज.