‘वारसा’ हा शब्द आधी फोड

प्रिय विद्यार्थीमित्रा,

तुझं टिपण वाचलं. ‘पाकिस्तानात लष्करशाही आली ती ब्रिटिशांमुळे’ हे पहिलंच वाक्य खटकलं. तीच फौज आणि तेच कायदे भारताच्याही वाट्याला आले, मग इथे सत्तापालट का झाला नाही? याचं उत्तर देत नाही ते स्पष्टीकरण प्रबंधात ठेवू नकोस.

‘वारसा’ फार मोघम शब्द आहे. त्याचे पद, भरती आणि कायदा असे तुकडे कर, आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत प्रत्येकाचं काय झालं ते सनावळीसह मांड.

पदापासून सुरुवात कर. ब्रिटिश हिंदुस्थानच्या फौजेचा प्रमुख, म्हणजे सरसेनापती, व्हाइसरॉयच्या मंडळात बसायचा. सरसेनापती किचनरशी झालेल्या वादात १९०५ साली व्हाइसरॉय कर्झनलाच राजीनामा द्यावा लागला, एवढं त्या खुर्चीचं वजन. स्वातंत्र्यानंतर दिल्लीत सरसेनापतीचा बंगला, म्हणजे आजचं तीन मूर्ती भवन, पंतप्रधानांकडे गेला. तिन्ही दलांना स्वतंत्र प्रमुख मिळाले आणि १९५५ मध्ये ‘सरसेनापती’ हे नावही गेलं. पाकिस्तानात अयुब खान १९५१ मध्ये सरसेनापती झाले, १९५४ मध्ये ते पद न सोडता संरक्षणमंत्री, आणि १९५८ मध्ये सत्तापालटातून राष्ट्राध्यक्ष. पण एवढ्यावर निष्कर्ष काढशील तर फसशील. राष्ट्राध्यक्ष भुट्टोंनी १९७२ मध्ये तिथलंही सरसेनापतिपद मोडलं, तरी १९७७ मध्ये लष्करप्रमुख झिया सत्तेवर आलेच.

म्हणून जास्त वेळ भरतीला दे. १८५७ नंतर ब्रिटिशांनी ‘लढवय्या जमाती’ ठरवल्या आणि भरतीचा भार पंजाबवर टाकला. फाळणीत पाकिस्तानला फौजेचा साधारण तिसरा हिस्सा मिळाला. त्यात पंजाबी आणि पठाणांचा भरणा; देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या असलेल्या पूर्व बंगालचे (आजच्या बांगलादेशाचे) लोक नगण्य. म्हणजे निवडणुकीत बहुमत एकीकडे, बंदुका दुसरीकडे. पंजाबचा भरणा भारतीय फौजेतही होता, पण देशाच्या राजकारणात पंजाब अनेक प्रांतांपैकी एक. भरतीचा नकाशा मतदारांच्या नकाशावर ठेवून बघ, अर्धं काम तिथेच होईल.

दोनच देशांवर थांबू नकोस. बेल्जियमपासून काँगो स्वतंत्र झाला त्या दिवशी, ३० जून १९६० ला, त्याच्या फौजेत एकही काँगोली अधिकारी नव्हता. बेल्जियन सेनापती यान्सेन्स यांनी फळ्यावर ‘स्वातंत्र्यापूर्वी = स्वातंत्र्यानंतर’ असं लिहून दाखवलं, आणि आठवड्याच्या आत बंड झालं. टांगानिकातही (आजच्या टांझानियाच्या मुख्य भूमीवर) जानेवारी १९६४ मध्ये बंड झालं, पण राष्ट्राध्यक्ष न्येरेरेंनी ब्रिटिशांची मदत घेऊन (केवढी ही नामुष्की!) ते मोडलं, जुनी फौजच बरखास्त केली आणि नवी उभारली. वसाहतीचा हा तुकडा फेकून देता येतो, याचा इतका स्वच्छ दाखला दुसरा सापडणं कठीण.

कायद्याच्या भागात मात्र भारताला सवलत देऊ नकोस. ‘छोडो भारत’ चिरडायला १९४२ मध्ये काढलेला लष्करी विशेषाधिकारांचा वटहुकूम १९५८ च्या सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्यात (‘अफ्स्पा’) परत आला. वटहुकुमात गोळीबाराचा अधिकार कॅप्टन आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना होता. स्वतंत्र भारताच्या कायद्याने तो हवालदार, नाईक अशा बिनसनदी अधिकाऱ्यांपर्यंत खाली आणला. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून कलमवार तक्ता कर आणि पुढच्या मसुद्यासोबत पाठव.

तुझा,
मार्गदर्शक